जुनी ८००: घाटात काटा चढतो, आणि तापली की सेल्फ रडतो

तांबडीमाती · ३ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९६ची, कार्बोरेटरवाली, एसी असलेली. बाबांची होती, आता माझ्याकडे आहे. "विकून टाक" म्हणणारे घरात चार जण आहेत, पाचवा नको.

आई वाईला असते, त्यामुळे पुणे-वाई महिन्यातून एक-दोनदा होतं. तक्रारी दोन आहेत.

पहिली : गाडी तापते. जाताना खंबाटकी चढायला लागलं की काटा पाऊणच्या वर जातो. मागच्या वेळी घाट संपताना बॉनेटखालून वाफ आली आणि जादा पाण्याच्या डब्यातून पाणी उतू गेलं. परतीला बोगदा असल्यामुळे निभावतं. चमत्कारिक गोष्ट म्हणजे गेल्या महिन्यात रात्री, चांगल्या गार हवेत, शिरवळजवळ सपाट रस्त्यावरसुद्धा काटा असाच वर गेला होता. वाफ नाही, उतू जाणं नाही, नुसता काटा.

दुसरी : तापलेली गाडी बंद केली की दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होत नाही. सुरूर फाट्यावर उसाचा रस प्यायला थांबलो आणि पाऊण तास तिथेच बसलो. शेवटी रसवाल्याच्या पोरांनी धक्का दिला, तर दुसऱ्या गिअरला पहिल्या झटक्यात सुरू! सकाळी थंड असताना जरा कुरकुरते, पण होते.

आतापर्यंत बदललेलं सामान : बॅटरी (आठ महिने झाले), थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, तिन्ही प्लग. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उघडून कार्बन आणि बुश टाकले. अकरा हजारांच्या वर गेले. एका गॅरेजवाल्याचं म्हणणं हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. दुसरा म्हणतो कार्बोरेटर बदला. दोघांपैकी कोणीही मीटर हातात घेतलेलं मी पाहिलं नाही.

दोन वेगळे आजार आहेत की एकच?

---

तिरकस · ३ मे, रात्री १०:३१

पाचवा मी. :)

---

सोलापुरी_चादर · ३ मे, रात्री ११:०५

भाऊ, सरळ थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. आमच्याकडे मे महिन्यात ४२-४३ असतं, इथे जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट कोणी ठेवत नाही. पाणी मोकळं फिरलं की गाडी गार. माझी ८०० सहा वर्षं अशीच पळतेय.

---

दूरदेशी · ४ मे, सकाळी ६:४८

वरच्या सल्ल्याला जोरदार असहमत. मी ॲरिझोनात फिनिक्सला राहतो. उन्हाळ्यात ४५ इथे नेहमीचं, आणि इथल्या प्रत्येक गाडीत थर्मोस्टॅट असतो.

थर्मोस्टॅट हा दरवाजा आहे. पाणी साधारण ८२ अंशांना आलं की तो उघडायला लागतो आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. घाटात इंजिन तापलेलं असताना तो उघडाच असतो, म्हणजे तेव्हा तो काढला काय नि ठेवला काय, फरक जवळपास शून्य. फरक पडतो तो सकाळी. इंजिन लवकर गरम होत नाही, चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी पाकळी) जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये पाण्याचा अंश राहतो. थर्मोस्टॅट अडकलाय अशी शंका असेल तर दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, पाणी तापवा, थर्मामीटर बुडवा. कधी उघडतो ते डोळ्यांनी दिसेल. दोरा अशासाठी की तो पातेल्याच्या बुडाला टेकता कामा नये.

झाकणाकडेही बघा. ते साधारण ०.९ किलोचा दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल तर समुद्रसपाटीला १००, आणि महाबळेश्वरला, म्हणजे १३७० मीटरवर, ९५च्या जवळपासच उकळायला लागेल. नवं झाकण टाकलंय म्हणता, पण ते योग्य दाबाचं आहे का? वर आकडा छापलेला असतो.

आणि गरम असताना ते झाकण उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि थेट तोंडावर येतं.

---

पद्मिनीप्रेमी · ४ मे, सकाळी ९:२०

हा शंभर टक्के व्हेपर लॉक! आमच्या प्रीमियर पद्मिनीत उन्हाळ्याचा नेहमीचा प्रकार. गाडी बंद केली की पंखा थांबतो, बॉनेटखालची सगळी उष्णता पेट्रोल पंपावर येऊन बसते, नळीतलं पेट्रोल वाफ होतं, पंप नुसती वाफ ओढत बसतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा उपाय सर्वांना ठाऊक असेल : पेट्रोल पंपावर ओलं फडकं. माझ्या डिकीत अजूनही एक फडकं आणि पाण्याची बाटली असते. ८००च्या कार्बोरेटर मॉडेललाही इंजिनावर चालणारा मेकॅनिकल पंपच आहे. करून बघा.

---

ऊसपट्टा · ४ मे, सकाळी १०:०२

+१, आणि त्यात हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. १९९६च्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. फुगतात, कडक होतात, चिरतात. आमच्या सांगली भागात कारखान्यांची भरभराट झाली, पण माझ्या एस्टीमच्या नळ्यांचं वाटोळं झालं. ऊस माझा, इथेनॉल माझं, गाडीही माझी, तक्रार कुणाकडे करू?

---

कार्यशाळा · ४ मे, दुपारी १:१५

एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालो. आयुष्य डिझेलमध्ये गेलं, पण तांब्याची तार सगळ्या गाड्यांना सारखीच असते.

व्हेपर लॉक म्हणणाऱ्यांनी एक ओळ वाचलेली दिसत नाही. धक्का दिल्यावर पहिल्या झटक्यात सुरू झाली. नळीत वाफ असती, ठिणगी देणारी कॉइल तापून बसली असती, कार्बोरेटर भरून ओला झाला असता, तर धक्क्यालाही चार-पाच वेळा खोकली असती. म्हणजे त्या वेळी पेट्रोल होतं, ठिणगी होती. नव्हती ती इंजिन फिरवायची ताकद.

तेव्हा तीन प्रश्न. उत्तरं नीट आठवून द्या.

१) तापल्यावर सेल्फ मारता तेव्हा आवाज कसा येतो? इंजिन भराभर फिरतं पण पकडत नाही, की मुळात फिरतच नाही?

२) रात्री इंजिन चालू असताना हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर एकदम लावला तर तापमानाचा काटा जागचा हलतो का?

३) क्लचची केबल शेवटची कधी बदलली?

---

तिरकस · ४ मे, दुपारी १:४०

काका, तिसरा प्रश्न चुकून दुसऱ्या धाग्याचा आला का?

---

तांबडीमाती · ४ मे, रात्री ९:५५

आधी एक दुरुस्ती : भाऊ नाही, बहीण. चालेल पण, इथे सगळे भाऊच.

१) फिरत नाही. "ढुर्र… ढुर्र… टक्" आणि शांत. डॅशबोर्डचे दिवे अगदी मंद होतात.

२) आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन बघून आले. काटा मध्याच्या जरा खाली होता. हेडलाइट लावले, ब्लोअर चारवर केला, आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत वर सरकला. बंद केलं, खाली आला. तीनदा करून पाहिलं. म्हणजे शिरवळला रात्री… पण दिव्यांनी इंजिन कसं तापेल?

३) काका, हे तुम्हाला कसं कळलं? दोन वर्षांत दोन केबली झाल्या. क्लच जड होतो, आतली नळी वितळल्यासारखी चिकट होते. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता." त्यावर मी आठवडाभर पायाकडे बघत गाडी चालवली.

---

कार्यशाळा · ५ मे, सकाळी ७:३०

पाय निर्दोष आहे. त्या केबलमधून वीज जातेय.

दिव्यांनी इंजिन तापत नाही, हे तुम्ही बरोबर बोललात. पाच सेकंदांत तर नाहीच. मग जे हललं ते तापमान नव्हे, नुसता काटा. काटा हलला तो विजेमुळे.

आता नीट सांगतो. सेल्फ फिरवायला शंभर-सव्वाशे ॲम्पियर लागतात. एवढा करंट बॅटरीच्या प्लसकडून जाड लाल वायरने सेल्फपर्यंत जातो. तो गेला तसा परत मायनसला यायला हवा. परतीची वाट म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं धड आणि तिथून बॅटरीच्या मायनसला येणारी जाड अर्थिंगची वायर. प्लसची वायर सगळे तपासतात कारण ती लाल असते, झाकलेली असते, महत्त्वाची दिसते. मायनसची काळी, ऑइलने माखलेली, खाली गिअरबॉक्सला कुठेतरी बोल्टने धरलेली. तिकडे बघतो कोण.

ती वायर सैल असली किंवा बोल्टाखाली गंज किंवा रंग असला की वाट अरुंद होते. करंट मग दुसरी वाट शोधतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही. मग बॉडी आणि इंजिन यांना जोडणारं धातूचं उरतं काय? क्लचची केबल. ॲक्सिलरेटरची केबल. चोकची तार. सेल्फ मारला की एवढा करंट त्या बारक्या तारांतून धावतो, त्या तापतात, आतलं प्लास्टिक वितळतं, क्लच जड होतो.

काट्याचंही तेच. तापमानाच्या सेन्सरला एकच वायर असते, त्याचं अर्थिंग इंजिनाच्या धडातून मिळतं. मीटरचं अर्थिंग बॉडीकडे. दोन्ही एकाच पातळीवर असतील तरच काटा खरं बोलेल. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, इंजिनावर बसतो, दिव्यांचं अर्थिंग बॉडीला असतं. दिवे लावले की तो करंट बॉडीतून इंजिनाकडे त्याच खराब सांध्यातून परततो, दोन्हींच्या पातळीत फरक पडतो, आणि मीटरला वाटतं इंजिन तापलं.

दोन वर्षांपूर्वी केबलची कटकट सुरू झाली म्हणता. त्याच सुमाराला गिअरबॉक्स उतरवला होता का?

---

तांबडीमाती · ५ मे, सकाळी ८:०४

होय. क्लच प्लेट बदलली होती. बाबा गेले त्यानंतर महिनाभरातच.

---

सोलापुरी_चादर · ५ मे, सकाळी ८:२०

काका, साष्टांग. (थर्मोस्टॅटबद्दल मात्र माझं मत कायम.)

---

पद्मिनीप्रेमी · ५ मे, सकाळी ९:११

मान्य, धक्क्याची ओळ माझ्याकडून निसटली. पण एक शंका. अर्थिंग खराब आहे तर थंड असताना सेल्फ फिरतो कसा? गरम झाल्यावरच का रडतो?

---

दूरदेशी · ५ मे, सकाळी १०:३०

याचं उत्तर मी देतो, हा माझा विषय. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. गाडी बंद केल्यावर इंजिनाला चिकटलेला सेल्फ सहज साठ अंशांनी तापतो, म्हणजे त्याच्या गुंडाळ्यांचा रोध जवळजवळ पावपटीने वाढला. सैल सांधाही तापून आणखी सैल होतो. शिवाय बॅटरी अर्धवट चार्ज असणार, कारण अल्टरनेटरचा करंटही त्याच सांध्यातून फिरून बॅटरीला मिळतोय. थंड असताना हे सगळं काठावर असतं आणि कसंबसं जमतं. गरम झालं की काठावरून घसरतं.

कार्यशाळाकाका, अंदाज मला पटलाय, पण मोजल्याशिवाय सामान घेऊ नये असं माझं मत.

---

कार्यशाळा · ५ मे, दुपारी १२:१०

सामान घ्यायचंच नाहीये. मोजायचंय. ताई, दोन-अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर आणा. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅंडब्रेक ओढलेला. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी सुरू होणार नाही. कुणाला तरी चावीवर बसवा. प्रत्येक वेळी पाच सेकंदांच्या वर सेल्फ नको.

पहिलं माप : दोन्ही टोकं बॅटरीच्या दोन खांबांवर. खांबांवरच, क्लिपवर नाही. सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेलं तर बॅटरी संशयित.

दुसरं : लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, काळं सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

तिसरं : काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल गिअरबॉक्सच्या घासून चकचकीत केलेल्या जागी. ०.२ ते ०.३च्या आत हवं.

तीनही आकडे इथे लिहा. गाडी तापलेली असताना मोजा, कारण दुखणं तेव्हाचं आहे.

---

कोपऱ्यातला · ५ मे, दुपारी १२:४५

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

तांबडीमाती · १० मे, सायं. ६:२०

आज मोजलं. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमधून मुद्दाम फिरवून आणली, चांगली तापवली. चावीवर भाचा, वय अकरा, अत्यंत गंभीर चेहऱ्याने.

बॅटरी, सेल्फ मारताना : १०.७
प्लसची बाजू : ०.३
मायनसची बाजू : २.४

म्हणजे सेल्फला फक्त आठ व्होल्ट मिळत होते ना? १०.७ वजा ०.३ वजा २.४.

मग एक उद्योग केला. शेजारच्या काकांकडून जम्पर केबल आणली, तिची काळी तार बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला लावली. कॉइलची वायर परत जोडली. भाच्याने चावी फिरवली आणि गाडी फर्रकन सुरू झाली, इतकी चटकन की तो दचकला. तापलेली गाडी! दोन वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. बाबांच्या वेळेला असाच यायचा.

---

ऊसपट्टा · १० मे, सायं. ६:३५

वा! वाचनखूण साठवली.

---

कार्यशाळा · १० मे, सायं. ७:०२

गणित बरोबर. जम्परची युक्तीही बरोबर, तीच सांगणार होतो. आता वायर काढा. मायनस क्लिप आधी काढायची, जोडताना सगळ्यात शेवटी. दोन्ही टोकं आणि बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासा. वायरच्या टोकाशी आतून हिरवी बुरशी असेल तर वायरच नवी करा, बॅटरीच्या दुकानात बनवून देतात. स्टार वॉशरसकट घट्ट कसा, वरून ग्रीस लावा. ग्रीस नंतर, आधी नाही. बॅटरीपासून बॉडीला जाणारी बारकी वायरही तशीच साफ करा.

---

तांबडीमाती · ११ मे, दुपारी १:३०

झालं. बोल्ट हाताने फिरत होता! त्याखाली वायरच्या टोकाला हिरवी पूड, आणि गिअरबॉक्सवर जिथे ते टेकतं तिथे चंदेरी रंगाचा फवारा. क्लच प्लेटच्या वेळी गिअरबॉक्स "नवा दिसावा" म्हणून रंगवून दिला होता. त्याचे वेगळे सहाशे रुपये मी आनंदाने दिले होते.

नवी वायर ३५० रुपये. मायनस बाजूचं माप आता ०.१५. दिवे लावले, ब्लोअर लावला, काटा ढिम्म. चोकची तार काढून पाहिली, तिचंही वरचं आवरण एका जागी भाजलेलं.

---

तिरकस · ११ मे, दुपारी २:०५

रंगासाठी पैसे देऊन आजार विकत घेतला. आता तरी विका. (गंमत. अभिनंदन!)

---

मुळशीकर · ११ मे, रात्री ८:४०

छान धागा. पण मला वाटतं तांबडीमातीताईंची पहिली तक्रार संपलेली नाही. काटा खोटं बोलत होता हे सिद्ध झालं, पण खंबाटकीत वाफ आली, डब्यातून पाणी उतू गेलं, ते तर खोटं नव्हतं. एक प्रश्न सुटला म्हणून दुसऱ्याला माफी मिळत नाही.

---

तांबडीमाती · १८ मे, रात्री ९:१५

मुळशीकर बरोबर होते. काल वाईला गेले. सुरूर फाट्यावर मुद्दाम रस प्यायला थांबले, वीस मिनिटांनी चावी फिरवली, एका झटक्यात सुरू. पण घाटात काटा परत पाऊणला गेला. दिवे बंद असताना. एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला, मे महिन्यात घामाने भिजले, पण काटा थोडा उतरला आणि वाफ न येता वर पोचले. म्हणजे या वेळी खरंच तापली.

हेड गॅस्केटची भीती डोक्यात आहेच. कसं ओळखू?

---

दूरदेशी · १९ मे, सकाळी ७:१०

हीटर हा गाडीतला दुसरा छोटा रेडिएटर असतो, म्हणून तो उपाय चालतो. शाबास.

गॅस्केटसाठी गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढून सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे निघतात, ते अडकलेल्या हवेचे. पण थांबायचं नावच न घेता, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढत जाणारे बुडबुडे आले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे का बघा. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरी वाफ येते का, तेही.

पाणी कसलं भरता?

---

तांबडीमाती · १९ मे, रात्री १०:००

बुडबुडे नाहीत. चिकटा नाही. पांढरी वाफ नाही. हुश्श.

पाणी… सोसायटीच्या बोअरचं. बाबाही तेच भरायचे.

---

कार्यशाळा · २० मे, सकाळी ७:१५

मग रेडिएटरकडे जा. बोअरच्या पाण्याने घरात गिझरची जी अवस्था होते तीच आतल्या नळ्यांची होते. पांढरा थर. गाडी तापवून बंद करा, पंख्याच्या प्लगची वायर काढून ठेवा म्हणजे तो अचानक फिरून बोटं कापणार नाही, मग रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर जपून हात फिरवा. कुठे गरम, कुठे गार असे पट्टे लागले तर त्या नळ्या बुजल्यात.

पंखाही बघून घ्या. ट्रॅफिकमध्ये पंखा वेळेवर लागला पाहिजे. घाटात चाळीसच्या वेगाने समोरून वारा मिळतो, तिथे पंख्यापेक्षा रेडिएटरचा दोष जास्त.

---

सोलापुरी_चादर · २० मे, सकाळी ९:३०

बाजारात फ्लशिंगचं औषध मिळतं, ते ओता, अर्धा तास चालवा, पाणी काढा. शंभर-दीडशेत काम. मी दरवर्षी करतो.

---

कार्यशाळा · २० मे, सकाळी ९:५५

पातळ थराला चालेल. पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या बोअरच्या पाण्याला नाही. आणि सुटलेले खपले पुढे जाऊन हीटरच्या बारीक नळ्यांत बसतात. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकीचा डाग (सोल्डरचा सांधा) सोडवून रॉड मारून घ्या. हे काम करणारे कमी झालेत, पण जुन्या ट्रक दुरुस्तीच्या वस्तीत एखादा तरी सापडतो.

---

तांबडीमाती · १ जून, सायं. ५:४५

सापडला. कात्रजच्या बाजूला, ट्रकांच्या गर्दीत, एक वयस्कर चाचा. रेडिएटर तांब्या-पितळेचाच निघाला. त्यांनी गॅसने वरच्या टाकीचा डाग सोडवला आणि मला आत बघायला बोलावलं. एका बाजूच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या नळ्यांच्या तोंडावर खडूसारखा पांढरा थर. पट्टीसारखी लांब सळई एकेका नळीतून घालत ते जवळजवळ दोन तास बसले होते. मध्येच म्हणाले, "बेटी, ये तो पानी नहीं, चूना पी रही थी." मग डाग, मग हवा भरून हौदात बुडवून गळती तपासली. ९०० रुपये. चहा त्यांनीच पाजला.

आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरायचं आहे. किती प्रमाण? दुकानदार म्हणाला जितकं जास्त कूलंट तितकी गार.

---

दूरदेशी · १ जून, रात्री ८:२०

उलट आहे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस. कूलंट हवं ते गंज रोखायला आणि उकळण्याचा बिंदू वर न्यायला. महाराष्ट्रात पाणी गोठायचा प्रश्न नाही, त्यामुळे ३०-४० टक्के पुष्कळ. निम्म्याच्या वर जाऊ नका. डबा "लगेच वापरण्यासाठी तयार" असा असेल तर त्यात पाणी आधीच मिसळलेलं असतं, आणखी मिसळू नका.

भरताना हीटर उघडा ठेवा आणि झाकण काढून इंजिन चालू ठेवा, हवा निघून जाईल. हवा अडकली तर एवढं सगळं करूनही तापेल आणि मग सगळे पुन्हा गॅस्केट गॅस्केट करतील.

---

पद्मिनीप्रेमी · २ जून, सकाळी १०:१२

अवांतर : आमच्याकडे असा रॉड मारणारा शेवटचा माणूस दोन वर्षांपूर्वी गावी निघून गेला. आता सरळ नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाका म्हणतात. चाचांना भरपूर आयुष्य लाभो.

---

तांबडीमाती · १६ जून, रात्री ९:४०

काल वाईला जाऊन आले, आई सोबत पुण्याला आली. जाताना घाटात मागे-पुढे ट्रक, एसी चालू, आणि काटा मध्याच्या एक रेघ वर. तिथून हलला नाही. वर पोचून बॉनेट उघडलं तर फक्त पावसाचा वास.

ऊसपट्टा यांच्यामुळे पेट्रोलच्या नळ्याही पाहिल्या. पंपाजवळची एक नळी वाकवल्यावर चिरा दिसल्या. तीनही बदलल्या, इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या. म्हणजे तेही अगदीच बाद मत नव्हतं, फक्त तो माझा आजार नव्हता.

एक उरलंय. सकाळी थंड असताना अजूनही दोन-तीन सेल्फ लागतात. आता इंजिन भराभर फिरतं, पण पकडायला वेळ घेतं.

---

कार्यशाळा · १७ जून, सकाळी ७:०५

चोकची तार भाजली होती ना? ती अडखळत असणार. वरचं फिल्टरचं झाकण काढा, चोक पूर्ण ओढा आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची पाकळी पूर्ण बंद होते का बघा. अर्धी राहत असेल तर तार बदला.

---

तांबडीमाती · १७ जून, सकाळी ७:५०

पाकळी अर्धीच बंद होते. बोटाने ढकलली, पहिल्या सेल्फला सुरू. तार आज आणते.

काका, तुम्हाला वाईचे कंदी पेढे कुठे पाठवू?

---

कार्यशाळा · १७ जून, सकाळी ८:१०

मधुमेह आहे. भाच्याला द्या. चावी त्याने फिरवली.

---

बोलेरोवाला · २३ सप्टें., रात्री ११:२५

धागा वर काढतोय, माफी. बोलेरो, २००९ची, डिझेल. कालपासून तापमानाचा काटा एकदम वर जातो, पाणी पूर्ण आहे, वाफ नाही. गॅरेजवाला वॉटर पंप बदलायचा म्हणतोय, उद्या सकाळी गाडी द्यायची आहे. घाईत आहे, कोणी सांगू शकेल का?

---

तांबडीमाती · २३ सप्टें., रात्री ११:३१

काटा वर जातो तो दिवसा की रात्री? आत्ता खाली जाऊन इंजिन सुरू करा आणि हेडलाइट लावून बघा. मी जागी आहे.